विमा बिल भरतो, दवाखाना कोण उघडा ठेवतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रत्येकाकडे चांगली खासगी आरोग्य विमा पॉलिसी असेल आणि ज्यांना हप्ता परवडत नाही त्यांचा हप्ता सरकारने भरला, तर सार्वजनिक रुग्णालयं आणि आरोग्य खातं बंद करता येईल का? आणि तसं होणार नसेल, तर मग स्वतः पॉलिसी घ्यावी की नाही?

पहिल्या भागाचं उत्तर नाही असं आहे. माझी अर्धी नोकरी सार्वजनिक आरोग्यसेवेत गेली आणि उरलेली अर्धी विमा कंपनीच्या क्लेम विभागात, वैद्यकीय अधिकारी म्हणून. विम्यावर माझा राग नाही. वेळेवर मंजूर झालेल्या एका क्लेममुळे घर गहाण टाकायची वेळ टळलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि ते मंजुरीपत्र आपल्या हातून गेलं याचं समाधान मला आजही आहे. पण विम्याचा हात कुठे पोहोचतो आणि कुठे पोहोचत नाही, हे क्लेमच्या टेबलावर बसलं की फार लवकर कळतं.

एक फाइल मी विसरू शकत नाही. पन्नाशीतले गृहस्थ, जुना मधुमेह, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. वर्षाचा हिशेब केला तर दीडशेहून जास्त वेळा. त्यांची बिलं गठ्ठ्याने यायची. तोच डायलायझर, तेच हेपारिन, त्याच नळ्या, बदलायची ती फक्त तारीख. पॉलिसी जुनी होती, प्रतीक्षा कालावधी (जुन्या आजारासाठी क्लेम मिळण्याआधी थांबावं लागतं तो काळ) केव्हाच संपला होता, कागदपत्रांत कुठे खोट नव्हती. मी एकेक बिल मंजूर करत गेले. सातव्या महिन्यात विम्याची रक्कम संपली. नियमाप्रमाणे पत्र गेलं की मर्यादा संपल्याने यापुढचा क्लेम देय नाही. खाली सही माझी होती. पुढच्या आठवड्यापासून ते गृहस्थ सार्वजनिक रुग्णालयात डायलिसिसला जायला लागले, आणि पॉलिसीचं नवं वर्ष सुरू होईपर्यंत तिथेच जगले.

कंपनीने इथे कुणाला फसवलं नव्हतं. करार जेवढा होता तेवढा पाळला गेला. अडचण विम्याच्या स्वभावातच आहे. हजारांपैकी कुणाचं घर जळेल हे कुणाला माहीत नसतं, किती जळतील याचा अंदाज मात्र असतो, म्हणून सगळे थोडं थोडं भरतात आणि ज्याचं जळलं त्याला देतात. डायलिसिसवरच्या माणसाच्या पुढच्या वर्षीच्या खर्चात अनिश्चित असं काही नाही. तो आज कागदावर मांडून दाखवता येतो. जो खर्च होणारच आहे त्याचा विमा उतरवता येत नाही. तो कुणीतरी उचलावा लागतो.

खासगी विम्यावर अमेरिकेइतका भर फार थोड्या श्रीमंत देशांनी दिला आहे, म्हणून तिचा अनुभव बघण्यासारखा आहे. पासष्टीपुढच्या जवळजवळ निम्म्या लोकांकडे रुग्णालयाच्या खर्चाचा विमा नाही, अशी तिथली स्थिती होती. वय वाढलं की कंपन्या नको म्हणत किंवा हप्ता आवाक्याबाहेर जाई. शेवटी १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना आल्या. १९७२ मध्ये कायदा करून मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना वयाची अट न लावता मेडिकेअरमध्ये घेतलं गेलं, म्हणजे माझ्या त्या फाइलमधल्या गृहस्थांसारख्यांनाच. १९८६ मध्ये आणखी एक कायदा झाला: आपत्कालीन विभागात आलेल्या माणसाला, खिशात पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर केलीच पाहिजे. जुन्या आजाराच्या कारणावरून विमा नाकारायला पूर्ण बंदी यायला २०१४ उजाडलं, तीही २०१० च्या कायद्याच्या जोरावर. आज तो देश आपल्या सकल उत्पादनाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर खर्च करतो, आणि तरीही साधारण बारा माणसांमागे एकाकडे विमा नसतो. वृद्ध, गरीब, जुने आजारी असा एकेक गट विम्याच्या गाळणीतून खाली पडत गेला आणि दर वेळी त्याला झेलायला सरकारलाच यावं लागलं.

ही गाळणी कशी चालते तेही सांगते, कारण काही काळ ती माझ्याच हातात होती. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे पॉलिसी मागण्याच्या अर्जावर, एक पान आजारांचं असतं. मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार, कर्करोग, मानसिक आजार, आणि प्रत्येकापुढे 'हो' किंवा 'नाही'ची चौकट. सगळीकडे 'नाही' असेल तर फॉर्म दोन मिनिटांत पुढे सरकतो. एका ठिकाणी 'हो' दिसलं की तपासण्या मागवायच्या, मग जादा हप्ता, किंवा तेवढा आजार वगळून पॉलिसी, किंवा थेट नकार. औषधपाण्याची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याचाच फॉर्म माझ्या टेबलावर सर्वांत जास्त दिवस पडून असायचा.

लोकांना वाटतं की हा नुसता हावरटपणा आहे. तसं नाही. गाळणी काढून टाकली तर काय होतं ते सोप्या आकड्यांत बघा. हजार माणसं आहेत. नऊशे निरोगी, त्यांचा वर्षाचा सरासरी खर्च प्रत्येकी १ एकक. शंभर आजारी, त्यांचा प्रत्येकी ११. एकूण खर्च २,०००, म्हणजे हप्ता माणशी २. निरोगी माणूस मनात म्हणतो, माझा खर्च १, मी २ का भरू? समजा त्यांच्यातले तीनशे बाहेर पडले. उरलेल्या सातशेंचा खर्च १,७००, हप्ता झाला जवळजवळ अडीच. अजून तीनशे गेले. आता चारशे माणसं, खर्च १,४००, हप्ता साडेतीन. शेवटचे तीनशेही गेले की उरतात शंभर आजारी आणि हप्ता ११, म्हणजे उपचारांचा पुरा खर्च. विमा नावापुरता उरला. आमच्या क्षेत्रात याला डेथ स्पायरल म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात पासष्टीपुढच्या लोकांना आरोग्य विमा मिळणं इतकं कठीण का, याचं स्पष्टीकरण याच वाटेने दिलं आहे. म्हणून कंपनी एकतर आजारी माणसाला दारातच अडवते, किंवा त्याच्यासकट बुडते.

यावर एक जोरदार आक्षेप येतो, आणि तो नीट ऐकून घ्यायला हवा. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड या देशांत प्रत्येकजण खासगी विमा घेतो, आणि तिथली आरोग्यसेवा उत्तम आहे. मग?

खरं आहे. पण तिथल्या विम्याला किती लगाम आहेत ते बघा. नेदरलँड्समध्ये २००६ पासून प्रत्येकाला पॉलिसी घेणं सक्तीचं आहे. मूळ पॅकेजसाठी कंपनी कुणालाही नाकारू शकत नाही. त्याच पॉलिसीला पंचविशीतल्या खेळाडूचा आणि सत्तरीतल्या हृदयरुग्णाचा हप्ता एकच. पॅकेजमध्ये काय असावं ते सरकार ठरवतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही, त्यांचा भार सरकार उचलतं. कमी उत्पन्नाच्या घरांना हप्त्यासाठी भत्ता मिळतो. ज्या कंपनीकडे जास्त आजारी लोक, तिला एका सामाईक निधीतून जादा पैसे दिले जातात, म्हणजे आजारी माणूस नकोसा होऊ नये. आणि वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्यांची, तीव्र अपंगत्व असलेल्यांची दीर्घकालीन शुश्रूषा या खासगी विम्यात नाहीच, ती वेगळ्या सार्वजनिक योजनेत आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून विमा सक्तीचा झाला, पण मूळ विम्यावर कंपन्यांना नफा घेता येत नाही. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा प्रांतांची सरकारं करातून देत आली आहेत.

सक्ती सरकारची, यादी सरकारची, भत्ता सरकारचा, कंपन्यांमधली भरपाई सरकारी नियमाची. कागदावर कंपनीचं नाव असलं तरी चौकट सार्वजनिक आहे, कंपनी त्या चौकटीत कारभार बघते. या देशांचं उदाहरण मला पटतं. फक्त ते ज्याच्या समर्थनासाठी दिलं जातं त्याच्या नेमकं उलट सांगतं.

चौकट सैल असेल तर काय होतं हे चिलीत दिसलं. १९८१ मध्ये तिथे पगारदारांना मुभा मिळाली की आरोग्यासाठी कापली जाणारी रक्कम सार्वजनिक निधीत, म्हणजे फोनासामध्ये ठेवा किंवा इसाप्रे नावाच्या खासगी विमा कंपन्यांकडे वळवा. तरुण, निरोगी, चांगल्या पगाराचे लोक इसाप्रेकडे गेले. वय आणि लिंग पाहून हप्ता ठरायचा, त्यामुळे बाळंतपणाच्या वयातल्या बायकांना त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त भरावं लागे. २०१० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने त्या कोष्टकाचा आधार असलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. इकडे म्हातारे, आजारी आणि कमी पगाराचे लोक फोनासामध्येच राहिले, आणि आज देशातले बहुसंख्य लोक तिथेच आहेत. कमी जोखीम आणि जास्त पैसा एका बाजूला, जास्त जोखीम आणि कमी पैसा दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली.

इथपर्यंत आपण पैशाबद्दल बोललो. मला याहून जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट चर्चेत फारशी येतच नाही. आरोग्यव्यवस्थेचा फार मोठा भाग असा आहे की ज्याचं बिल कुणाच्याच नावावर फाडता येत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका छोट्या आरोग्य केंद्रात होते. तिथे लसींचा एक फ्रीज होता आणि तो सांभाळणाऱ्या एक ज्येष्ठ परिचारिका होत्या. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. सकाळ-संध्याकाळ तापमान बघून त्या फ्रीजच्या दारावरच्या तक्त्यात लिहायच्या, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. बऱ्याच लसींच्या बाटलीवर एक छोटं रंगीत वर्तुळ असतं आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाला जाऊन मिळाला की ती बाटली वापरायची नाही. एका रात्री वीज गेली आणि येईना. बाई घरून आल्या, आइस पॅक काढले, पण लगेच वापरले नाहीत. त्यांना पाझर फुटेपर्यंत थांबल्या, मग एकेक पॅक कानाशी धरून हलवला. आत बर्फ खळखळला की मगच तो डब्यात. काही लसी गोठल्या की निकामी होतात आणि कडक गोठलेला पॅक नेमकं तेच करतो, हे त्यांनी मला त्या रात्री बॅटरीच्या उजेडात समजावलं. पहाटेपर्यंत सगळ्या बाटल्या वाचल्या.

त्या रात्रीचा क्लेम कोण करणार? रुग्ण कोण? निदान काय लिहायचं? ज्या मुलांना त्या लसीमुळे गोवर झाला नाही, त्यांना काही टळलं हे ठाऊकसुद्धा नाही. गोवराची साथ रोखायची तर सुमारे ९५ टक्के मुलांचं लसीकरण झालेलं असावं लागतं. एका कंपनीने फक्त आपल्या विमाधारकांच्या मुलांना टोचून तो आकडा गाठता येत नाही, आणि दुसऱ्या कंपनीच्या विमाधारकांवर खर्च करायला कुठल्याच कंपनीला कारण नसतं. देवीचा रोग १९८० मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं ते अशाच कामातून: घरोघर शोध, रुग्णाभोवतीच्या प्रत्येकाला लस, सरकारी कर्मचारी आणि जागतिक आरोग्य संघटना.

क्षयरोगाचंही तसंच. नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि माणसाला वाटतं की आता झालं. तिथे गोळ्या सुटल्या तर रोग उलटतो, कधी औषधांना दाद न देणारा होऊन. त्या वेळी कुणीतरी दारात जाऊन 'गोळी घेतली का' विचारावं लागतं, घरातल्या बाकीच्यांची तपासणी करावी लागते. तो जंतू बसमध्ये शेजारी बसलेल्या, उत्तम पॉलिसी असलेल्या माणसाच्या श्वासातही जातो. पॉलिसी त्याच्या उपचारांचे पैसे देईल. त्याला लागण होऊ नये म्हणून कुणाच्या तरी दारात जाणं तिच्या कामात येत नाही.

आणखी एक बाब थोडक्यात. भाजलेल्यांचा विभाग, मोठ्या अपघातांसाठी चोवीस तास सज्ज असलेलं पथक, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग हे रिकामे असतानाही चालू ठेवावे लागतात. विमा झालेल्या उपचाराचे पैसे देतो. रिकाम्या खाटेजवळ जागं बसलेल्या परिचारिकेच्या पगाराची तरतूद त्यात नसते. ब्रिटनमध्ये खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि प्रकृती फार बिघडली, तर रुग्णाला बहुतेकदा एनएचएसच्याच, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेच्याच, अतिदक्षता विभागात हलवतात. २०२० च्या वसंतात कोविडची लाट आली तेव्हा आयर्लंडच्या सरकारने खासगी रुग्णालयं काही महिन्यांसाठी सार्वजनिक व्यवस्थेत घेतली, स्पेनमध्येही खासगी रुग्णालयं सरकारच्या अखत्यारीत आणली गेली. डॉक्टर घडवण्याचं कामही असंच. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला सर्वांत जास्त पैसा पुरवते ती मेडिकेअर.

विम्याच्या धंद्याचा स्वतःचा पायासुद्धा सार्वजनिक नोंदींवर उभा आहे, हे माझ्या विमा क्षेत्रातल्या सहकाऱ्यांना मी नेहमी आठवण करून द्यायचे. एडमंड हॅली, धूमकेतूवाले तेच, यांनी १६९३ मध्ये आयुर्मानाचं कोष्टक मांडलं ते ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून. आजही हप्ता ठरवणाऱ्या तज्ज्ञाला जन्म, मृत्यू आणि आजारांच्या नोंदी लागतात, आणि त्यातल्या बहुतेक सार्वजनिक यंत्रणेने ठेवलेल्या असतात.

आता सार्वजनिक सेवेवरचे आक्षेप. ते मी झटकणार नाही, कारण त्या खुर्चीतही मी बसले आहे. रांगा असतात. शस्त्रक्रियेची तारीख महिनोन्‌महिने मिळत नाही. तिसऱ्यांदा त्याच खिडकीवर पाठवलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची हार मी पाहिली आहे, आणि गर्दीत वैतागून मी स्वतःही कुणाकुणाशी तुटकपणे बोलले आहे, त्याची खंत आहे. लोक विम्याकडे वळतात ते या अनुभवामुळे, आणि त्यांचं चुकत नाही.

पण लोक खासगीकडे गेले की सार्वजनिक रांग आपोआप कमी होईल, हा हिशेब फसवा आहे. भूलतज्ज्ञ मोजकेच असतात. तो सकाळी इथे नसला आणि तिथे असला, तर तिथली रांग सरकते आणि इथली थांबते. तज्ज्ञांची संख्या पॉलिसीच्या संख्येबरोबर वाढत नाही. एक भूलतज्ज्ञ तयार व्हायला दहाएक वर्षं लागतात. शिवाय ज्यांच्या तक्रारीला वजन असतं ते निघून गेले की मागे राहिलेल्यांसाठी बोलणारं कुणी उरत नाही. हे मी एका विभागात डोळ्यांदेखत होताना पाहिलं: आधी अधिकाऱ्यांचे नातेवाईक येईनासे झाले, मग बंद पडलेलं एक्स-रे यंत्र महिनाभर तसंच राहिलं.

मग खासगी विम्याची योग्य जागा कुठली? फ्रान्समधली मांडणी मला समजूतदार वाटते. तिथे मूळ भार सार्वजनिक विमा उचलतो आणि बहुतेक प्रत्येकाकडे वरचा फरक भरून काढणारा पूरक विमा असतो. स्वतंत्र खोली, डॉक्टरची निवड, लवकरची तारीख, चष्मा, दात अशा ठिकाणी खासगी विमा चांगलं काम करतो. पाया दुसऱ्याने घातलेला असला की त्यावरचा मजला तो नीट बांधतो.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, स्वतः पॉलिसी घ्यावी का. हो, परवडत असेल तर घ्या, आणि तब्येत धडधाकट असताना घ्या, कारण वर सांगितलेल्या गाळणीतून तेव्हाच सहज जाता येतं. विम्याची रक्कम किती यापेक्षा काय वगळलंय ते आधी वाचा. जुन्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी किती, खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का, बिलातला काही टक्के वाटा तुमच्या माथी आहे का, आणि रक्कम वर्षाच्या मध्ये संपली तर पुन्हा भरून मिळते का, हे लेखी विचारा. आणि प्रपोजल फॉर्म एजंटला भरू देऊ नका, स्वतः भरा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचं नाव आणि ती कधीपासून घेता ते लिहा. मी जे क्लेम जड मनाने नाकारले, त्यातले कितीतरी एका चौकटीमुळे गेले: तिथे 'हो' लिहायचं होतं, कुणीतरी घाईत 'नाही' लिहिलं, आणि खाली सही विमाधारकाची होती.